एक कुठे आणि दोन कुठे?

गुरुवारची संध्याकाळ म्हणजे इथली शनिवारची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी डबा नाही, शाळेची बस नाही, त्यामुळे दोह्यातल्या बहुतेक मराठी घरांत त्या दिवशी जेवणे निवांत होतात. गेल्या हिवाळ्यातल्या अशाच एका गुरुवारी आमच्याकडे मात्र ताटे मांडायला टेबलावर जागा नव्हती. नवऱ्याचा लॅपटॉप, कागद, वायरी आणि केव्हाच थंड झालेला चहा असा सगळा पसारा होता.

"सिग्नल जातोय कुठे तेच कळेना," तो स्वतःशीच पुटपुटत होता. "दहा हजारांत एक भाग पोचतोय पलीकडे."

"मग केबल तुटकी असेल," मी ताटे हातात धरूनच म्हटले.

"तेच लिहायला घेतलंय. नाहीतर पुण्याच्या त्या नव्या मुलीने मोजताना घोळ घातलाय. तीन दिवस गेले माझे यात."

पडद्यावर मेल लिहून तयार होते. पाठवायचे तेवढे बाकी. मजकूर मी वाचला. त्यात त्या मुलीचे नाव होते, 'निष्काळजीपणा' हा शब्द होता आणि वरच्या ओळीत तिच्या साहेबांचा पत्ता होता. नऊ वर्षे वर्गात काढलेल्या बाईला असे मेल वाचले की पोटात कालवते. प्रगतिपुस्तकात लिहिलेला शेरा खोडता येत नाही, हे मला चांगले माहीत आहे.

आता नवऱ्याचे काम काय, ते आधी सांगते. मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमधून तुम्ही घरी फोन लावून "कोथिंबीर आहे का?" असे विचारता, ते जमते ते त्याच्यासारख्यांच्या कामामुळे. बाहेरच्या टॉवरचे सिग्नल काँक्रीटच्या पोटात पोचत नाहीत. मग इमारतीच्या आतून केबली फिरवायच्या आणि छताला लहान लहान अँटेना लावायचे. अलीकडे अनेक ठिकाणी एकाच अँटेनाला शेजारी शेजारी दोन केबली जातात, म्हणजे डेटा दोन वाटांनी एकदम धावतो. ही सगळी जोडणी प्रत्यक्ष करण्याआधी संगणकावर करून पाहतात. त्याला सिम्युलेशन म्हणतात. चुकले तर तिथेच कळावे, छत फोडल्यावर नव्हे.

सिम्युलेशनमध्ये केबल म्हणजे खरी केबल नसते, तिचे मॉडेल असते. मॉडेल म्हणजे आकड्यांची फाइल. केबलीच्या किंवा यंत्राच्या ज्या टोकातून सिग्नल आत जातो किंवा बाहेर येतो त्याला 'पोर्ट' म्हणतात. अमुक पोर्टातून सिग्नल सोडला तर प्रत्येक पोर्टातून किती बाहेर आला, याचा तो हिशेब. दोन केबलींना चार टोके, म्हणजे चार पोर्ट, म्हणजे चार चोक सोळा नोंदी. आणि या सोळा नोंदी प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळ्या. अशा शेकडो ओळी. त्यात टोकांना नावे नसतात. फक्त १, २, ३, ४.

मी चष्मा लावून त्या आकड्यांच्या रांगा पाहिल्या. गणित माझा विषय नाही, मी मराठीची एम.ए. पण गुणपत्रके खूप तपासली आहेत. "हे एक ते दोन वाईट आहे, कबूल," मी म्हटले, "पण एक ते तीन बघ ना. इथे तर पैकीच्या पैकी गुण आहेत."

"अगं, तीन म्हणजे शेजारची केबल. तिथे काही यायलाच नको."

"तीन म्हणजे शेजारची, असं कोण म्हणतं?"

तो काही बोलला नाही. नंतर त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मी ताटे खाली ठेवली आणि मुलाच्या दुधाबरोबर येतात तसे दोन स्ट्रॉ ड्रॉवरमधून काढले.

तुम्हीही घेऊन पाहा. दोन स्ट्रॉ समोर आडवे, एकाखाली एक ठेवा. चार तोंडांना क्रमांक द्यायचे आहेत. एक जण वरच्या स्ट्रॉच्या डाव्या तोंडाला १ म्हणतो, त्याच्याच उजव्या तोंडाला २. मग खालच्या स्ट्रॉला ३ आणि ४. म्हणजे एकात फुंकले की दोनमधून वारा येणार. दुसरा जण आधी डावीकडची दोन्ही तोंडे मोजतो, १ आणि २; मग उजवीकडची, ३ आणि ४. त्याच्या हिशेबाने एकात फुंकले की वारा तीनमधून येणार. दोघेही शहाणे, दोघांचेही बरोबर. आपण वही ओळीने लिहितो, पण उजळणी रकान्याने मांडतो, तसेच हे. दोन्ही पद्धती जगभर चालू आहेत. मोजणारी यंत्रे, सॉफ्टवेअर, कंपन्या, कुणी हे धरते, कुणी ते. या विषयातले नावाजलेले शिक्षक एरिक बोगाटिन पहिल्या पद्धतीचा, म्हणजे एकासमोर दोन या क्रमाचा आग्रह धरतात. पण आग्रह वेगळा आणि नियम वेगळा.

पुण्याच्या मुलीने दुसऱ्या पद्धतीने क्रमांक दिले होते. नवऱ्याने पहिली पद्धत गृहीत धरली होती. केबल धडधाकट होती. मुलीचे मोजमापही अचूक होते. हा शेजारच्या केबलीत किती सिग्नल झिरपतो ते पाहत होता आणि त्यालाच पलीकडे पोचलेला सिग्नल समजत होता.

"पण फाइल तपासली होतीस ना?" मी विचारले.

"सगळ्या तपासण्या केल्या. सगळ्यांत पास."

मला वाटते या विषयाची खरी ग्यानबाची मेख इथेच आहे. फाइल तपासायचे ठरलेले नियम असतात. जितके आत गेले त्याहून जास्त बाहेर यायला नको, केबल तर सिग्नल वाढवू शकत नाही. तसेच, एकीकडून तिकडे जितके जाते तितकेच तिकडून इकडे यायला हवे. दोन आणि तीनच्या पाट्या अदलाबदल केल्या तरी या दोन्ही नियमांना धक्का लागत नाही. आकडे खरेच असतात, फक्त ते कुणाचे, हे चुकते. संगणकाला केबल दिसत नाही, त्यामुळे तो तक्रार करत नाही. म्हणून चूक शोधायचा त्यांचा साधा उपाय आता मलाही पाठ झाला आहे. सगळ्यात कमी फ्रिक्वेन्सीच्या ओळीवर जायचे आणि एकातून सोडलेला सिग्नल जवळजवळ पुरा कुठे पोचतो ते पाहायचे. जिथे पोचतो ते त्याच केबलीचे दुसरे टोक.

ते मेल पुसले गेले. त्याऐवजी पुण्याला दोन ओळी गेल्या: "तुझे पोर्ट क्रमांक कुठल्या पद्धतीने आहेत, ते सांगशील का? घाई नाही." तासाभरात उत्तर आले, सोबत हाताने काढलेल्या आकृतीचा फोटो. नोकरीला लागून तिला चार महिने झाले होते, हे मला नंतर कळले.

ही भानगड मुळात आली कुठून, म्हणून मी त्याला खोदून विचारले. या फाइलींना 'टचस्टोन' म्हणतात. अमेरिकेतल्या ईसॉफ नावाच्या कंपनीने १९८४ साली त्याच नावाचे सॉफ्टवेअर काढले, त्याची ही फाइलची पद्धत. ती इतकी सोयीची होती की सगळ्यांनीच उचलली. कंपनी पुढे विकली गेली, पण पद्धत टिकली. दोन पोर्टांची फाइल एस२पी, चार पोर्टांची एस४पी. पहिल्याच ओळीत फ्रिक्वेन्सीचे एकक काय, आकडे कुठल्या रूपात आहेत, हे नीट सांगायची सोय आहे. पण कुठला क्रमांक कुठल्या टोकाचा, हे सांगायची सक्ती नाही.

त्यात आणखी एक गंमत. तीन किंवा जास्त पोर्ट असतील तर नोंदी ओळीने लिहायच्या. दोनच पोर्ट असतील तर मात्र मधल्या दोन नोंदींचा क्रम उलटा. का, तर पहिल्यापासून तसे चालत आले म्हणून. केबलीला याने फरक पडत नाही, कारण तिच्यात जाणे-येणे सारखेच. पण ॲम्प्लिफायर असेल तर एका बाजूने सिग्नल वाढतो आणि उलट बाजूने जवळजवळ जातच नाही. तिथे क्रम चुकला की वाढवणारे यंत्र अडवणारे दिसते. २००९ साली आयबिस ओपन फोरम या संस्थेने टचस्टोनची दुसरी आवृत्ती अधिकृत केली, तेव्हा दोन पोर्टांचा क्रम कुठला, हे फाइलीतच स्पष्ट लिहायची सोय झाली. म्हणजे 'सगळ्यांना माहीत आहे' हे कागदावर यायला पंचवीस वर्षे लागली.

मला हे सगळे इतके पटकन का कळले? कारण असा क्रम एकदा मी स्वतः चुकवला आहे, आणि तेव्हा पलीकडे केबल नव्हती.

२०१८ साल. आम्हाला कतारमध्ये येऊन चार महिने झाले होते, मुलगा दोन वर्षांचा. नवरा रात्रपाळीला साइटवर. मुलाला ताप होता, औषध दिले होते, आणि मध्यरात्रीनंतर त्याला आकडी आली. ज्या आईने ते पाहिले आहे तिला सांगायला नको, ज्यांनी पाहिले नाही त्यांनी कधी पाहू नये. मी ९९९ फिरवला. पलीकडचा माणूस शांतपणे पत्ता विचारत होता आणि मी सांगत होते, "मन्सूरा, पेट्रोल पंपाच्या मागची गल्ली, खाली बेकरी आहे ती इमारत." पुण्यात एवढ्यावर माणूस घरापर्यंत आला असता. तो म्हणाला, "मॅडम, निळी पाटी वाचा."

मुलाला शेजारच्या केरळच्या चेचीच्या हातात दिले आणि अनवाणी जिना उतरले. इमारतीवरची ती निळी पाटी मी चार महिने रोज पाहत होते, वाचली कधीच नव्हती. तीन आकडे होते. डोळ्यांना सगळ्यात आधी जो दिसला तो आधी वाचला, मग पुढचे दोन. मला वाटले, झाले. पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "असा झोन नाही, मॅडम. पुन्हा सांगा. आधी झोन म्हणा, मग त्याचा आकडा. मग स्ट्रीट म्हणा, मग आकडा. मग बिल्डिंग." मी इमारतीचा आकडा झोनच्या जागी सांगितला होता. कतारमधले झोन शंभराच्या आतले आणि आमच्या इमारतीचा आकडा तीन अंकी, म्हणून त्याला तिथल्या तिथे कळले. आमच्या इमारतीचा आकडा लहान असता तर? तर ती गाडी या शहराच्या दुसऱ्याच टोकाला, एका खऱ्या, अस्तित्वात असलेल्या दारापाशी जाऊन उभी राहिली असती. म्हणजे माझी फाइलसुद्धा सगळ्या तपासण्यांत पास झाली असती.

गाडी आली, मुलगा बरा झाला, आता तो मला गणित शिकवतो. पण त्या माणसाने सांगितलेली रीत मी विसरले नाही. आकडा एकटा सोडायचा नाही. आधी नाव, मग आकडा.

दोह्याच्या जुन्या मंडळींना आठवत असेल, इथेही पत्ते खुणांवरच चालत. रमाडा सिग्नल अजून सगळे म्हणतात. तिथल्या हॉटेलचे नाव बदलून कितीतरी वर्षे झाली. नवा माणूस रमाडा शोधत फिरतो आणि त्याला ते सापडत नाही. आपल्याकडे तरी काय? पुण्यात अलका चौक म्हणायचे आणि पाटीवर टिळक चौक वाचायचे. घरच्या माणसांत हे चालते. पण जिथे वेगवेगळ्या देशांची, वेगवेगळ्या भाषांची माणसे एकत्र राहतात तिथे 'आपल्याला माहीत असलेले' म्हणजे कुणाला माहीत असलेले? कतारने २०१७ मध्ये राष्ट्रीय पत्त्याचा कायदा केला आणि २०२० च्या जानेवारीपासून प्रत्येकाला आपला पत्ता नोंदवायला लावला. तेव्हा मेट्राशवर झोन, स्ट्रीट, बिल्डिंग असे वेगवेगळे रकाने भरताना आपल्यापैकी अनेकांनी कुरकुर केली असेल. मी नाही केली.

रकान्याला नाव असले की क्रमाची भीती राहत नाही. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळे, बाकीचे वेगळे. इथे नोकरीसाठी कागद सादर करताना 'तुमचे पहिले नाव काय?' या साध्या प्रश्नाला किती जणांनी आडनाव सांगून बसावे, याचे किस्से आपल्या मंडळात कमी नाहीत. तिन्ही शब्द तेच असतात, पहिला कोण ते ठरलेले नसते.

आणि नुसत्या क्रमांकाचा आणखी एक दोष मला शाळेने शिकवला आहे. वर्षाच्या मध्ये एक नवी मुलगी वर्गात आली, नावे वर्णक्रमाने लावली आणि तिच्या पुढच्या सगळ्यांचे हजेरी क्रमांक एकेकाने सरकले. माझ्या वहीत चाचणीचे गुण जुन्या क्रमांकांसमोर होते, नावे लिहिली नव्हती. मी तसेच उतरवले. गुण सगळे खरे, मुले सगळी खरी, आणि तरी एका हुशार मुलाच्या नावापुढे नापासाचा शेरा गेला. त्याच्या आईने शाळेत येऊन विचारले म्हणून कळले. नंबर सरकतात. नाव जागच्या जागी राहते.

तारांच्या जगाला याची किंमत माहीत आहे. ब्रिटनने २००४ मध्ये वायरिंगचे रंग बदलून युरोपसारखे केले. जुन्या पद्धतीत निळी तार म्हणजे थ्री-फेजमधला एक जिवंत फेज, लाल-पिवळा-निळा, आपल्याला भारतात सवय आहे तसाच. नव्या पद्धतीत निळी म्हणजे न्यूट्रल. रंग तोच, अर्थ बरोबर उलटा. म्हणून जिथे जुने आणि नवे रंग एका ठिकाणी येतील तिथे इशाऱ्याची पाटी लावणे त्यांनी बंधनकारक केले. एकच पद्धत सगळ्यांनी पाळली तर उत्तमच. पण ते होईपर्यंत आपण कुठली पाळतो हे लिहून ठेवणे तरी आपल्या हातात असते.

नवऱ्याच्या गटाने नंतर तेवढेच केले. जगाचे प्रमाणीकरण त्यांच्या हातात नाही, पण आपल्यापुरता नियम त्यांनी कागदावर आणला. एकासमोर दोन, तीनासमोर चार. शिवाय प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला प्रत्येक पोर्टाचे नाव: कुठली केबल, कुठले टोक. टचस्टोन फाइलीत उद्गारचिन्हानंतर लिहिलेला मजकूर संगणक वाचत नाही, तो फक्त माणसासाठी असतो. ही नावे त्या उद्गारचिन्हापुढे लिहितात. पुण्याहून आलेली पुढची फाइल नवऱ्याने मला मुद्दाम उघडून दाखवली. चार ओळी होत्या, चार उद्गारचिन्हे, 'केबल अ, यंत्राकडचे टोक' पासून 'केबल ब, छताकडचे टोक' पर्यंत, इंग्रजीत लिहिलेल्या. त्या मुलीने पाचवी ओळही घातली होती: आकृती सोबत जोडली आहे.

त्या गुरुवारी सासूबाई साताऱ्याहून आलेल्या होत्या. स्ट्रॉचा खेळ त्यांनी शांतपणे पाहिला आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या फडताळासारखंच की." त्यांच्या साताऱ्याच्या स्वयंपाकघरात सगळे डबे एकसारखे स्टीलचे, एकावरही चिठ्ठी नाही. डावीकडून तिसरा साखरेचा, चौथा मिठाचा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी फडताळ पुसून डबे परत लावले होते. त्या दिवशीच्या चहाची आठवण आमच्याकडे अजून निघते. "तेव्हा मी तुलाच बोलले होते," त्या म्हणाल्या. "चिठ्ठ्या लावायला पाहिजे होत्या मीच."

नवऱ्याने मान खाली घालून ताटे मांडायला घेतली.

आमच्या फ्रिजवर एक कागद लावलेला आहे. झोन, स्ट्रीट, बिल्डिंग, प्रत्येक शब्दापुढे त्याचा आकडा, खाली ९९९. इंग्रजीत मी लिहिले, मराठीत मुलाने, सासूबाईंना वाचता यावे म्हणून. येत्या दिवाळीत तुमच्याकडेही भारतातून कुणाचे आई-वडील येणार असतील. कंदील लावायला खाली जाल तेव्हा त्यांना निळ्या पाटीपाशी घेऊन जा आणि तिन्ही आकडे नावांसकट मोठ्याने वाचून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे.